सणाचं ताट हलकं कसं करायचं: पुरणपोळीपासून फराळापर्यंत मापं, कृती आणि होणाऱ्या चुका

सातारा-सांगलीकडे आषाढातल्या बेंदरापासून होळीपर्यंत पुरणाची हजेरी कायम असते. मध्ये नागपंचमीचे दिंड, दसरा, दिवाळीचा फराळ, संक्रांतीची गुळपोळी. पहिल्यांदाच सणाचा स्वयंपाक अंगावर घेणाऱ्याला दोन धास्त्या असतात, खर्च किती होईल आणि घरातल्या साखर-रक्तदाबाच्या माणसांनी काय खायचं. दोन्हींवर उपाय बहुतेक एकच आहे. गूळ, तेल आणि तूप अंदाजानं न ओतता मोजून घालायचं. या तीन गोष्टी सणाच्या यादीत महागही आहेत आणि जडही.

म्हणून पहिली खरेदी स्वयंपाकघरातल्या साध्या वजनकाट्याची. 'वाटीभर' हे माप घरोघरी वेगळं असतं. एका घरची वाटी १०० मिलीची, दुसऱ्या घरची २०० ची. सासूबाईंनी सांगितलेलं प्रमाण बरोबर असूनही पूरण बिघडतं, ते कित्येकदा यामुळेच. खाली शक्य तिथं ग्रॅममध्ये मापं दिली आहेत. चमचा म्हटलं आहे तिथं चहाचा, ५ मिलीचा समजायचा. मोठा चमचा म्हणजे १५ मिली.

पुरणपोळी

अर्ध्या किलो हरभरा डाळीला अर्धा किलो गूळ, हे घरोघरचं जुनं प्रमाण. ते ३५० ग्रॅमवर आणता येतं आणि जेवणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. अट एवढीच की पुरणात चिमूटभर मीठ हवं आणि जायफळ-वेलदोडा ताजा कुटलेला हवा. वासानं गोडी वाढल्यासारखी वाटते. ३०० च्या खाली मात्र जाऊ नका. पूरण पिठूळ लागतं, मग पोळीवर वरून साखर घ्यायची वेळ येते आणि केलेली कपात वाया जाते.

गुळाबद्दल एक गैरसमज आधीच काढून टाकायला हवा. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून पोळी 'शुगर असणाऱ्यांना चालते' असं नाही. १०० ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास कॅलरी असतात, साखरेत त्यापेक्षा जेमतेम थोड्या जास्त. रक्तातली साखर दोन्हींनी झपाट्यानं वाढते. गुळात थोडं लोह असतं, पण एका पोळीत जाणाऱ्या १५-२० ग्रॅम गुळातून ते नगण्यच मिळतं. गूळ वापरायचा तो चवीसाठी. तो तर आपल्याकडे दारातच पिकतो. सांगलीची गूळपेठ आणि कऱ्हाडचा बाजार जवळ असताना पाकिटातली गूळ पावडर जास्त पैसे मोजून घ्यायचं कारण नाही. ढेपेचा तुकडा घ्या, पण विकत घेण्याआधी चिमूट तोंडात टाकून बघा. खारपड जमिनीतल्या उसाचा गूळ खारट लागतो आणि तो खारटपणा पुरणात जास्तच जाणवतो. पिवळाधमक, पांढुरका गूळ दिसायला छान असतो, पण तो रंग पुष्कळदा रस साफ करायला घातलेल्या रसायनाचा असतो. गडद तपकिरी गुळाचं पूरण थोडं काळपट दिसेल, दिसू द्या. अर्थात काळा गूळ म्हणजे शुद्धच, असंही समजू नका.

आता कृती. या मापात साधारण २० मध्यम पोळ्या होतात.

१. ५०० ग्रॅम डाळ दोनदा धुऊन दोन तास भिजवा. भिजल्यानं दोन-तीन शिट्ट्यांचा गॅस वाचतो आणि डाळ एकसारखी शिजते. भिजवलेलं पाणी टाकून द्या.

२. पाच लिटरच्या कुकरमध्ये डाळ, दीड लिटर पाणी, पाव चमचा हळद आणि एक चमचा तेल घाला. तेलानं फेस कमी येतो आणि शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही. डाळीच्या वेळी कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नसतो. तीन-चार शिट्ट्या झाल्या की आच बारीक करून पाच मिनिटं ठेवा.

३. कुकर आपोआप उतरू द्या. डाळीचा दाणा दोन बोटांत दाबल्यावर मऊ चुरडला पाहिजे, मध्ये कण लागता कामा नये. ही तपासणी चुकवू नका. गूळ पडल्यावर डाळ पुढं शिजत नाही. कच्ची राहिली तर मग तासभर आटवूनही पूरण रवाळच राहतं. कण लागला तर आणखी एक-दोन शिट्ट्या काढा.

४. चाळणीत ओतून कट खाली भांड्यात धरा. डाळ दहा मिनिटं निथळू द्या. घाईत निथळलेली डाळ पुढं वीस मिनिटांचा गॅस खाते.

५. जाड बुडाच्या पातेल्यात डाळ आणि चिरलेला गूळ एकत्र करून मध्यम आचेवर आटवा. सुरुवातीला मिश्रण पातळ होईल. गूळ विरघळला की तसं होणारच, घाबरू नका. तळाला लागू नये म्हणून सतत हलवत राहा. उलथनं मध्ये उभं केलं आणि ते पडलं नाही, की पूरण झालं. साधारण १५ ते २० मिनिटं लागतात.

६. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार झालेलं पूरण यंत्रातून निघत नाही आणि हात भरून येतो. पाव चमचा मीठ, अर्धं जायफळ, सहा-सात वेलदोडे आणि अर्धा चमचा सुंठ आता घाला. आटवताना घातलं तर वास उडून जातो.

पूरण सैल झालं तर कारण बहुधा चौथ्या पायरीत सापडतं. उपाय म्हणून पसरट कढईत बारीक आचेवर पुन्हा परता. कोरडं बेसन घालून घट्ट करू नका, त्याचा कच्चा वास राहतो. उलट पूरण जास्त आटून कोरडं झालं तर चमचा-चमचा दूध शिंपडून मळा.

पिठासाठी ४५० ग्रॅम गव्हाचं पीठ बारीक चाळणीनं किंवा कापडानं चाळून घ्या. मैदा मिसळायची गरज नाही. मैद्यानं पोळी ताणली जाते हे खरं, पण तेच काम कणीक तिंबून आणि मुरवूनही होतं. पाव चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि लागेल तसं पाणी (साधारण २८० मिली) घालून नेहमीच्या पोळीपेक्षा सैल भिजवा. दहा मिनिटं आपटून-ताणून तिंबा, मग झाकून दीड तास ठेवा. चाळणीत राहिलेला कोंडा दुसऱ्या दिवशीच्या भाकरीच्या पिठात घाला.

खपली गव्हाच्या पोळ्या करायच्या असतील तर पहिल्यांदा निम्मी खपली, निम्मा लोकवन घ्या. नुसत्या खपलीचं पीठ कमी ताणलं जातं, कडेला चिरतं आणि नवख्या हाताला जमत नाही. खपली महागही आहे. ती पोळीपेक्षा खिरीत जास्त शोभते, ते पुढे येईलच.

३८ ग्रॅमची लाटी आणि ६० ग्रॅमचा पुरणाचा गोळा घ्या. पोळी फुटते ती बहुतेक पुरणाचा आणि कणकेचा मऊपणा वेगळा असल्यामुळे. दोन्ही बोटानं दाबून बघा, सारखेच दबले पाहिजेत. तांदळाच्या पिठीवर हलक्या हातानं, कडेकडेनं लाटा. मध्ये जोर दिला की पूरण एका बाजूला सरकतं. तव्यावर तेल न घालता दोन्ही बाजूंनी भाजा, उलटवणं दोनदाच. उतरल्यावर वरून एक चमचा तूप लावा.

हिशोब करून बघितला की कुठं हात आखडायचा ते कळतं. गूळ ५०० वरून ३५० ग्रॅमवर आणला तर एका पोळीमागं साधारण ३० कॅलरी कमी होतात. तुपाचा एकच चमचा ४५ कॅलरीचा असतो. तव्यावर दोन चमचे आणि ताटात दोन चमचे सोडणाऱ्या घरानं गुळात कितीही काटकसर केली तरी फरक पडत नाही. गूळ थोडा कमी करा, तूप मात्र मोजूनच. शिवाय भाजताना जळणारं तूप वासाला काहीच देत नाही. गरम पोळीवर वरून लावलेलं एक चमचा तूप नाकाला पुरून उरतं.

कटाची आमटी

'कट' म्हणजे डाळ शिजवल्यावर निथळलेलं पाणी. मिसळीवर किंवा रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तेलालाही आपल्याकडे कटच म्हणतात. नवख्यांचा घोटाळा इथंच होतो. कटाची आमटी म्हटल्यावर वर बोटभर तेल दिसलंच पाहिजे असं त्यांना वाटतं. आठ-दहा माणसांच्या आमटीला दोन मोठे चमचे तेल पुरतं.

वाटणासाठी ३० ग्रॅम सुकं खोबरं आणि एक मध्यम कांदा थेट आचेवर भाजून घ्या. एक मोठा चमचा धणे, एक चमचा जिरे, एक चमचा तीळ, चार लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी कोरडंच भाजा. सहा-सात लसूण पाकळ्या घालून सगळं थोड्या कटातच बारीक वाटा. तेलात परतलेल्या वाटणापेक्षा भाजलेल्या वाटणाला वास जास्त येतो आणि तेल वाचतं. नैवेद्याला कांदा-लसूण चालत नाही त्या घरात दोन्ही वगळून खोबरं १५ ग्रॅम वाढवा आणि पुढं येणाऱ्या कांदा-लसूण चटणीऐवजी काळा मसाला घ्या.

तेलात मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता. मग गॅस बंद करून दोन चमचे कांदा-लसूण चटणी घाला आणि लगेच दोन मोठे चमचे पाणी शिंपडा. चटणी जळत नाही, तिचा रंग सुटतो आणि थोड्या तेलातही आमटीवर लाल तवंग येतो. गॅस पुन्हा लावून वाटण परता. मग कट, अर्धा लिटर गरम पाणी, लिंबाच्या निम्म्या आकाराच्या चिंचेचा कोळ, मीठ आणि तीन मोठे चमचे पूरण घाला. वेगळा गूळ नको, पुरणातला पुरतो. बारा ते पंधरा मिनिटं उकळू द्या.

आमटी पाणचट झाली तर त्यात तेल किंवा खोबरं वाढवू नका. डाळ निथळताना मूठभर बाजूला ठेवली असेल ती घोटून घाला. दाटपणा येतो आणि प्रथिनंही वाढतात. मीठ मात्र शेवटी चाखूनच. ताटात पापड, कुरडई, लोणचं असतं आणि रक्तदाबाच्या माणसाला खरी अडचण तिथं होते. त्यांच्यासाठी पापड भाजून द्या. कुरडई भाजून फुलत नाही, ती तळावीच लागते, म्हणून माणशी एक.

नागपंचमीचे दिंड

बत्तीस शिराळ्यापासून साताऱ्यापर्यंत नागपंचमीला तवा ठेवायचा नाही, तळायचं नाही, चिरायचं नाही, ही रीत पुष्कळ घरं पाळतात. त्यातूनच दिंड आले. पूरण तेच, पण वाफवलेलं. पुरणाच्या पदार्थांत सगळ्यात कमी तुपातेलात होणारा आणि नवख्यांना सगळ्यात सोपा असा हा प्रकार आहे. लाटताना पोळी फुटायची भीती वाटते त्यांनी पुरणाची सुरुवात दिंडापासूनच करावी.

कणीक पुरीसारखी घट्ट भिजवा, मोहन घालू नका. चार-पाच इंचांची पुरी लाटून मध्ये एक मोठा चमचा पूरण ठेवा आणि चारी बाजू पाकिटासारख्या आत दुमडा. दुमडलेली बाजू खाली ठेवायची. चाळणीला तेलाचा हात फिरवा किंवा हळदीची पानं अंथरा. पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच चाळणी ठेवा. गार पाण्यावर ठेवलं तर कणीक भिजून चिकट होते. बारा ते पंधरा मिनिटं. दिंडांमध्ये बोटभर अंतर हवं, नाहीतर फुगून एकमेकांना चिकटतात. वर एक चमचा तूप.

खपलीची खीर

मिरज, जत, शिरोळकडे हुग्गी म्हणतात ती हीच. चार पैशांत मोठी पंगत उठवायची असेल तर तिच्यासारखा पदार्थ नाही. २५० ग्रॅम सडलेली, म्हणजे कांडून साल काढलेली, खपली १२ वाट्यांना पुरते. किलोचा भाव जास्त असला तरी माणशी जेमतेम २० ग्रॅम लागते. दुकानात 'खिरीची खपली' असं सांगा. सालासकट असलेली आणली तर ती घरी सडत बसावी लागेल.

खपली रात्रभर भिजवा. सकाळी एक लिटर पाण्यात कुकरला आठ-दहा शिट्ट्या काढा, मग बारीक आचेवर १५ मिनिटं. दाणा फुटून मऊ झाला की रवीनं थोडी घोटा, दाणे पूर्ण मोडू नका. २०० ग्रॅम गूळ, ४० ग्रॅम किसून भाजलेलं सुकं खोबरं, एक चमचा भाजलेली खसखस, अर्धा चमचा सुंठ, वेलदोडे. दहा मिनिटं उकळा. पुरणाचा नियम इथंही आहे, दाणा मऊ होण्याआधी गूळ घातला तर तो चिवट राहतो.

दूध उकळत्या खिरीत घालायचं नाही. गरम गुळात ते फाटतं आणि सगळी खीर चोथापाणी होते. वाटीत खीर वाढून वरून कोमट दूध घ्यायचं. तूप ज्याचं त्यानं. काजू-बदामाऐवजी तासगावचे बेदाणे मूठभर घाला, ते फुगून गोडी देतात आणि गूळ आणखी २५ ग्रॅम कमी करता येतो. खिरीला लांबट, हिरवेगार, पहिल्या प्रतीचे बेदाणे लागत नाहीत. लहान दाण्याचा स्वस्त माल चालतो, फक्त धुऊन आणि देठ काढून घ्या.

दिवाळी: आधी तेल, मग फराळ

फराळाचा निम्मा खर्च आणि बहुतेक सगळा जडपणा कढईत असतो. तळणाला बसण्याआधी ही तयारी करा.

पसरट कढईऐवजी लहान तोंडाची खोल कढई घ्या. ६०० ते ७०० मिली तेलात काम होतं, घाणे दोन-चार जास्त पडतात एवढंच. तेलाचं वजन आधी करा आणि तळण संपल्यावर पुन्हा करा. अर्धा किलो भाजणीच्या चकल्यांनी दीडशे ग्रॅमपर्यंत तेल ओढलं तर ठीक. दोनशेच्या वर गेलं तर पीठ किंवा आच चुकली आहे, पुढच्या घाण्याआधी दुरुस्त करा.

घाण्याचं शेंगतेल वासाला सुंदर असतं, पण महाग. ते फोडणीत आणि भडंगात वापरा. तळणाला साधं रिफाइंड चालेल, कारण तळणात वास कुणाला कळत नाही. वनस्पती तूप शंकरपाळ्या-करंज्यांच्या मोहनात अजून घरोघर घातलं जातं. २०२२ पासून त्यातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली, तरी त्यातलं घट्ट संपृक्त चरबीचं प्रमाण आहेच. मोहनाला तेवढंच गरम तेल घातलं तर खुसखुशीतपणा थोडा कमी होईल, पदार्थ बिघडणार नाही.

तळायचा क्रम ठरवा: करंज्या आणि शंकरपाळ्या आधी, चकल्या-शेव नंतर. तिखटाचे कण तेलात जळतात आणि मग गोड पदार्थांना तो वास लागतो. उरलेलं तेल गार झाल्यावर कापडातून गाळून बरणीत भरा आणि आठ-दहा दिवसांत फोडणीला संपवा. पुन्हा तळणाला नको. हॉटेलांनासुद्धा सतत तळून ठरावीक मर्यादेपलीकडे खराब झालेलं तेल वापरायला १ जुलै २०१८ पासून बंदी आहे. घरी तपासायला यंत्र नसतं, पण खुणा असतात. तेलावर न जिरणारा फेस येतो, रंग गडद होतो, बोटाला चिकट लागतं आणि लवकर धूर निघतो. यातलं काहीही दिसलं की ते तेल टाका. नव्या तेलात मिसळून त्याची भरती करू नका, नवं तेलही लवकर खराब होतं.

*भडंग.* तळलेल्या पोह्यांच्या चिवड्याऐवजी सांगलीचं भडंग करा. दिवाळीच्या तिखट पदार्थांत सगळ्यात कमी तेलात निघणारा हाच. २५० ग्रॅम भडंगाचे चुरमुरे, १५० ग्रॅम शेंगदाणे, ७५ ग्रॅम डाळं, २० ते २५ लसूण पाकळ्या, दोन मुठी कढीपत्ता, ६० मिली शेंगतेल, दोन चमचे तिखट, अर्धा चमचा हळद, दोन चमचे पिठीसाखर, चवीपुरतं मीठ. चुरमुरे काही वेळा खारवलेले असतात, म्हणून आधी चाखा.

चुरमुरे दोन तास उन्हात ठेवा किंवा कढईत बारीक आचेवर परता. मुठीत दाबल्यावर करकरून चुरा व्हायला हवा. शेंगदाणे आधी कोरडे भाजून घ्या. कच्चे दाणे तेलात तळायचे म्हटलं की तेल दुप्पट लागतं. कढीपत्ता धुतल्यावर पूर्ण कोरडा करा. तेलात ठेचलेला लसूण सालासकट टाकून बारीक आचेवर तांबूस, कडक करा. नवखे इथंच घाई करतात. लसणात ओल राहिली की भडंग तिसऱ्या दिवशी मऊ पडतं. मग कढीपत्ता कुरकुरीत करा, दाणे-डाळं घाला, गॅस बंद. तिखट-हळद-मीठ गरम तेलात बंद गॅसवरच. त्यात चुरमुरे घालून दोन उलथन्यांनी हलवा, पाच मिनिटं पुन्हा बारीक आच. पिठीसाखर गार झाल्यावर. पूर्ण गार होण्याआधी डब्यात भरलं तर आतल्या वाफेनं सगळी मेहनत फुकट.

*चकली.* अर्धा किलो भाजणीला ८० मिली कडकडीत तेलाचं मोहन. जास्त मोहन घातलं की चकली तेलात विरघळते आणि तेल पिते, कमी घातलं की दातानं तुटत नाही. उकळतं पाणी थोडं-थोडं घालून पीठ मळा. भाजणी किती पाणी घेईल ते डाळी-तांदळाच्या भाजण्यावर ठरतं, म्हणून पाण्याचं माप पाठ करून उपयोग नाही. पाडताना काटे तुटत असतील तर पीठ घट्ट आहे, काटे बसतच नसतील तर सैल. कणकेचा छोटा गोळा तेलात टाकला की तो दोन-तीन सेकंदांत वर यायला हवा. तळाशी बसून राहिला तर तेल गार आहे आणि चकली तेल पिणार. लगेच लाल झाला तर आच जास्त आहे, चकली बाहेरून तांबूस दिसेल आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडेल. बुडबुडे जवळजवळ थांबले की काढा. भट्टीत किंवा एअरफ्रायरमध्ये भाजलेल्या चकल्यांची टूम निघाली आहे. त्या खायला वाईट नसतात, पण चकली म्हणून पाहुण्यांपुढं ठेवायच्या का हे ज्यानं-त्यानं ठरवावं. चारऐवजी दोन तळलेल्या खाव्यात, हे बरं.

*लाडू.* अर्धा किलो जाडसर बेसनाला २२५ ग्रॅम तूप आणि ३०० ग्रॅम पिठीसाखर. एवढ्या कमी तुपात लाडू वळतात, पण बेसन आधी दहा मिनिटं कोरडं भाजून मग तूप तीन हप्त्यांत घालावं लागतं. सुरुवातीलाच सगळं तूप ओतलं तर बेसन ते शोषून घेतं आणि कोरडंच दिसतं, मग हात आणखी तुपाकडे जातो. खमंग वास आल्यावर दोन मोठे चमचे दूध शिंपडून एक मिनिट हलवा, बेसन फुलून रवाळ होतं. साखर कोमट झाल्यावर. गरम बेसनात घातली की मिश्रण सैल होतं आणि लाडू बसतात. ३० ग्रॅमचे वळले तर ३४ च्या आसपास भरतात. नेहमीच्या मोठ्या लाडवात असे दोन बसतात, आणि अर्धा लाडू कुणी ताटात टाकत नाही.

तूप अजिबात नको असेल तर शेंगदाण्याचे लाडू करा. २५० ग्रॅम भाजून सोललेले दाणे, १५० ग्रॅम मऊ गूळ, वेलदोडा. मिक्सर थांबून-थांबून फिरवा. दाण्याचं तेल सुटून मिश्रण आपोआप वळतं. सलग फिरवला तर लगदा होतो. २० ग्रॅमचे २० लाडू. लहान मुलांच्या हाती द्यायला याहून चांगलं आणि स्वस्त काही नाही.

गुढीपाडव्याचं श्रीखंड

श्रीखंडात साखर जास्त लागते ती चक्का आंबट असल्यामुळे. रात्रभर उबेत ठेवलेलं दही चैत्रात हमखास आंबट होतं. संध्याकाळी पाच-सहा तासांत दही लागलं की लगेच टांगा, दोन तासांनी गाठोडं चाळणीत ठेवून फ्रिजमध्ये. अशा गोड चक्क्याला अर्ध्या किलोमागं २५० ग्रॅम साखर भरपूर झाली. निथळलेल्या पाण्यात कणीक भिजवा.

भोगी

तीळ लावलेली बाजरीची भाकरी, सोलाणे, पावटे, गाजर, वांग्याची मिसळभाजी, लोण्याचा गोळा. या जेवणाला हात लावू नका. भाजीत दाण्याचं कूट घालत असाल तर तेल दोन चमचे कमी करा, बस.

कुणाच्या पानात किती, आणि उरलं तर

मधुमेहाच्या माणसाला सणाच्या दिवशी वेगळं ताट वाढू नका, वाढायचा क्रम बदला. आधी कोशिंबीर, भाजी आणि वाटीभर आमटी, मग एक पोळी. पोळी खाल्ली की भात त्या दिवशी नाही. औषधाची वेळ जेवण लांबलं म्हणून चुकवायची नाही. पंगतीच्या घरात नैवेद्य दीडला होतो आणि इन्सुलिन घेणारे आजोबा उपाशी बसलेले असतात. त्यांना नैवेद्य काढून ठेवून आधी वाढा, देवाची हरकत नसते.

उरलेल्या पोळ्या कापडात गुंडाळून ठेवल्या तर उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत, थंडीत दोन दिवस राहतात. डब्यात गरम-गरम कोंबल्या तर घाम येऊन संध्याकाळीच आंबतात. पोळ्या कमी लागल्या तर पूरणच उरवा. घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ते चार-पाच दिवस नीट राहतं, आणि त्याचे दिंड कधीही वीस मिनिटांत होतात. आमटी उरली तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळा. ती रात्रीतून दाट होते, म्हणून गरम करताना अर्धा पेला पाणी घाला, मीठ मात्र पुन्हा घालू नका.